खंडूचे कागद

जूनच्या आसपास शाळा सुटल्या की कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमधल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोफा, टीव्ही, तुळशीच्या कुंड्या यांच्या जोडीने 'कुत्रा देणे आहे' असे निरोप येऊ लागतात. कुणाला सिॲटलला नोकरी लागलेली असते, कुणाच्या नव्या अपार्टमेंटमध्ये प्राणी चालत नाहीत. कुणाची नोकरीच गेलेली असते, आणि एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर घर आवरावं लागतं. अशा माणसाला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण त्या निरोपात काय लिहिलं जातं आणि काय गाळलं जातं, याबद्दल मला पोटतिडकीने सांगायचं आहे. आमचा खंडू अशाच एका निरोपातून घरी आला. पाच महिन्यांचं रेस्क्यू पिल्लू, सगळ्या लशी झालेल्या, मुलांमध्ये छान मिसळतं, चांगल्या घरी फुकट देणे. यातलं वय आणि 'रेस्क्यू' एवढंच खरं निघालं.

नाव सासूबाईंनी ठेवलं. त्या नुकत्याच साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. घरचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि खंडोबाबरोबर कुत्रं असायचंच. पिल्लू उंबऱ्यात आल्याबरोबर त्यांनी देवापुढचा भंडारा आणून त्याच्या कपाळाला लावला. ते दोन पावलं मागे सरलं आणि खालच्या आवाजात गुरगुरलं. नवखं आहे, बुजलंय, असं सगळेच म्हणालो.

पहिल्याच आठवड्यात त्याला व्हेटकडे नेलं. तिथल्या मुलीने त्याच्या मानेवरून चिप वाचायचं यंत्र फिरवलं. चिप होती, पण ती आम्हाला पिल्लू देणाऱ्याच्या नावावर नव्हती. ती सेंट्रल व्हॅलीतल्या एका रेस्क्यू संस्थेच्या नावावर होती. फ्रेस्नो, मर्सेड, स्टॉकटन या पट्ट्यातली शेल्टर्स सतत भरलेली असतात. तिथली पिल्लं स्वयंसेवक गाडीत घालून बे एरियात आणतात आणि इथल्या घरांत देतात. बहुतेक संस्थांच्या दत्तक-करारात एक अट असते: कुत्रा सांभाळणं जमलं नाही तर परस्पर कुणाला देऊ नका, आमच्याकडे परत करा. म्हणजे खंडू आमच्याकडे आला तो हा करार मोडून, आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

'सगळ्या लशी' म्हणजे आठव्या आठवड्यातली एकच लस होती. पिल्लाला डिस्टेंपर आणि पार्व्होची लस दर तीन-चार आठवड्यांनी, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते, याला कारण आहे. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लशीलाच अडवते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. त्यामुळे पहिला डोस वाया गेला असण्याची शक्यता दाट. पार्व्हो हा कुत्र्यांचा आजार जगाला कळला १९७८ च्या सुमारास. त्याचा विषाणू मातीत वर्षभरही टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून फरशी पुसावी लागते. म्हणून लशी पुऱ्या होईपर्यंत डॉग पार्कचं नाव काढू नका, असं व्हेटने बजावलं. शिवाय शौचाच्या तपासणीत जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी निघाला. 'अन्न बदललं म्हणून पोट बिघडलंय' असं आम्हाला सांगण्यात आलं होतं, ते हे. औषधं दिली, शी पडल्या पडल्या उचलली, कोर्स संपताना अंगाला चिकटलेले जंतू जावेत म्हणून आंघोळ घातली, आणि हे प्रकरण आटोक्यात आलं.

गुरगुरणं मात्र थांबेना. डोक्याकडे हात गेला की दात दिसत. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी हा कुत्रा मुळातच तापट आहे असा निकाल दिला आणि शॉक कॉलर सुचवली. मला मात्र वेगळंच दिसत होतं. तो उजव्याच बाजूला जास्त चिडायचा, झोपेतून उठून मान झटकायचा, सोफ्याच्या कडेवर कान घासायचा. व्हेटने गुंगीचं औषध देऊन कानात दुर्बीण घातली आणि लांब, बारीक चिमट्याने एक कुसळ बाहेर काढलं. कापसावर ठेवून दाखवलं. नखाएवढं, पिवळट, मळाने माखलेलं. त्याच्या अंगावरचे केस सगळे एकाच दिशेला वळलेले, म्हणजे आत शिरणार आणि मागे कधीच येणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या माळावरचं कुसळ!" इथे त्या गवताला फॉक्सटेल म्हणतात. कॅलिफोर्नियात उन्हाळाभर पाऊस नसतो. मेपासून रस्त्याकडेचं, मोकळ्या प्लॉटमधलं हे गवत वाळतं आणि कुत्र्यांच्या कानांत, नाकपुड्यांत, पायाच्या बोटांमध्ये घुसतं. कातडीतून आत जाऊन ते शरीरात कुठल्या कुठे पोचू शकतं. फिरून आल्यावर कुत्र्याची बोटं आणि कान बघायची सवय या भागात दात घासण्याइतकी अंगवळणी पडायला हवी.

कान बरा झाला आणि डोक्यावर हात फिरवून घेणारा खंडू आम्हाला पहिल्यांदा भेटला. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली त्यांच्याकडे आलेल्या वर्तनाच्या तक्रारी तपासून असं मांडलं, की अगदी हात राखून म्हटलं तरी अशा प्राण्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांना कुठे ना कुठे दुखत असतं. कुत्रा चावरा आहे असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न आता एवढाच असतो: याला दुखतंय कुठे, हे तपासलंत का?

तरीही सगळंच दुखण्यात मोडत नव्हतं. जेवणाच्या भांड्याजवळ कुणी गेलं की खंडू ताठ व्हायचा, घास भराभर गिळायला लागायचा, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा आणि मग गुरगुर. माणसांना सरावण्याचा पिल्लाचा मुख्य काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून यावर काम केलं आणि १९६५ साली ते पुस्तकात मांडलं. खंडूचा हा काळ गर्दीच्या शेल्टरमध्ये, एका भांड्यावर पाच तोंडं अशा अवस्थेत गेला असावा. गुरगुरला म्हणून मारलं, ओरडलं, भांडं हिसकावलं, तर कुत्रा गुरगुरणं सोडतो. भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. गुरगुर ही त्याची सूचना आहे, ती जपायची असते. आम्ही त्याला वेगळ्या खोलीत, फाटकाआड जेवू घालायला लागलो. लांबूनच चिकनचा तुकडा टाकायचा आणि निघून यायचं, म्हणजे माणूस आला की काहीतरी मिळतं, जात नाही, हे त्याच्या डोक्यात बसावं.

ट्रेनर निवडताना जपून. अमेरिकेत ट्रेनर म्हणवून घ्यायला सरकारी परवाना लागत नाही, कुणीही पाटी लावू शकतो. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या इथल्या संघटनेने २०२१ साली स्पष्ट म्हटलं आहे की कुठल्याही कुत्र्याला शिकवताना बक्षिसाचीच पद्धत वापरावी, शॉक कॉलरला जागा नाही. वर्तनात तज्ज्ञ झालेले पशुवैद्य मोजकेच असतात आणि भेट मिळायला वेळ लागतो, म्हणून नाव आधीच नोंदवून ठेवावं.

सुधारणा होत होती, आणि त्याच दिवसांत एके दुपारी ओट्याजवळ फोडणीच्या पोळीचा तुकडा खाली पडला. सासूबाई उचलायला वाकल्या, खंडूही धावला. हाताला दात लागला. जखम लहान होती, पण त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. रक्त थांबेना. अर्जंट केअरला नेलं. कॅलिफोर्नियात कुत्रा चावून कातडी फाटली की ती नोंद आरोग्य खात्याकडे जाते आणि कुत्र्याला दहा दिवस वेगळं ठेवावं लागतं. हे रेबीजसाठी, आणि आमच्या बाबतीत ते घरातच झालं. कुत्रा पूर्वी कधी चावला नव्हता, ही सबब इथल्या कायद्यात चालत नाही. पहिल्या चाव्याचीही जबाबदारी मालकाचीच. आपल्या भाड्याच्या घराच्या विम्यात हे येतं का, तुमच्याकडे कुत्रा असेल तर आजच बघा.

सासूबाईच म्हणत राहिल्या, "त्याचा काय दोष? मीच मध्ये हात घातला." आमची मुलगी रडली. पण त्या अजून बरेच महिने राहणार होत्या, आणि दर हिवाळ्यात येणार होत्या. आपल्या घरात स्वयंपाकघर म्हणजे दिवसभराचा राबता, जमिनीवर बसून भाजी निवडणं, मुलांच्या हातात सतत खाऊ. खाण्यावरून घाबरणाऱ्या कुत्र्याला याहून अवघड घर नाही. एकदा पाळला की काहीही होवो, ठेवलाच पाहिजे, हे मत मला मान्य नाही. कुत्र्याला आणि घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाला एकाच वेळी सुरक्षित ठेवता येत नसेल, तर नीट घर शोधून देणं हीसुद्धा त्याची जबाबदारी घेणंच आहे.

प्रश्न फक्त कसं द्यायचं याचा आहे. आम्ही चिपवरच्या संस्थेला फोन केला. चावल्याचं पहिल्याच वाक्यात सांगितलं. त्यांनी नियमाप्रमाणे त्याला परत घेतलं आणि कुत्र्यांची सवय असलेल्या फॉस्टर घरी ठेवलं. प्रत्येक संस्थेकडे अशी जागा असेलच असं नाही. चावलेल्या कुत्र्याला शेल्टरमध्ये कायमच्या झोपेचं इंजेक्शन दिलं जाण्याची शक्यता असते, तेही विचारून घ्यावं. पण खरं सांगितलं म्हणून घर मिळतच नाही असं नाही. आमच्या सनीव्हेलपासून जवळ, मिल्पिटासच्या ह्युमेन सोसायटी सिलिकॉन व्हॅलीने डिसेंबर २०१४ मध्ये एडी नावाच्या चिवावा कुत्र्याची जाहिरात दिली होती. त्याला इतर कुत्री खपत नाहीत, लहान मुलं खपत नाहीत, हे सगळं उघड लिहून. नावच दिलं 'एडी द टेरिबल'. ती जाहिरात जगभर वाचली गेली, आणि एडीला सगळं ठाऊक असणारं घर मिळालं.

खंडूसोबत आम्ही लांबलचक कागद दिला. लशींच्या तारखा, जिआर्डियाचा अहवाल, कोणता कान, कधी कुणावर गुरगुरला, तेव्हा समोर काय पडलं होतं, चावला ती दुपार जशीच्या तशी. आवडीनिवडीही. 'बस', 'ये', 'सोड' हे तो मराठीतच ऐकतो, हे उच्चारासकट लिहिलं. मुलं मोठी होऊन बाहेर पडलेल्या एका जोडप्याने तो कागद आधी वाचला, मग त्याला बघायला आले. तो तिथेच आहे. हाड चघळताना अजूनही गुरगुरतो, आणि ते त्याला हाड संपेपर्यंत एकटा सोडतात.

तुम्ही पिल्लू घेणार असाल तर चिपचा नंबर मागा आणि ती कुणाच्या नावावर आहे ते तपासून घ्या. व्हेटचं नाव मागा. देणाऱ्याने होकार दिला की दवाखाना पूर्ण नोंदी पाठवतो, आणि देणारा टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. 'चावतो का' असं विचारू नका, उत्तर नाही असंच येतं. शेवटचा कधी गुरगुरला, तेव्हा काय चाललं होतं, असं विचारा. कॅलिफोर्नियात जानेवारी २०१९ पासून पाळीव प्राण्यांच्या दुकानांना ब्रीडरकडची पिल्लं विकायला बंदी आहे. त्यामुळे रेस्क्यूचं नाव लावून विकणारेही आढळतात, संस्थेचा पत्ता आणि करार बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. विमा काढायचा तर पहिल्या आजाराआधी, आधीपासूनचं दुखणं विमा कंपन्या सहसा धरत नाहीत. नवं पिल्लू पहिले तीन दिवस भांबावलेलं, तीन आठवड्यांत रुळणारं आणि तीन महिन्यांनी खरं उलगडणारं, असा इथल्या शेल्टरांचा ठोकताळा आहे. पहिल्या आठवड्यातल्या शांतपणावरून त्याचा स्वभाव ठरवू नका.

आपल्या स्वयंपाकघरात कांदा, लसूण आणि शिऱ्यातले बेदाणे त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्रसादाचा शिरा प्रेमाने भरवणाऱ्या आजी-आजोबांना हे पहिल्या दिवशीच समजावून सांगावं. खाल्लंच तर एएसपीसीए या प्राणी-संस्थेची विषबाधा हेल्पलाइन फी घेऊन चोवीस तास सल्ला देते. आणि अपुऱ्या लशींचं पिल्लू मलूल झालं, उलट्या करू लागलं, शौचाला रक्त दिसलं, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा. आत नेण्यापूर्वी फोन करून पार्व्होची शंका सांगा, म्हणजे ते त्याला इतर कुत्र्यांपासून बाजूला, वेगळ्या दाराने घेतील.