पानथरी काढल्यावर ताप अंगावर काढू नका



डाव्या बरगड्यांखाली मुठीएवढा एक अवयव असतो. आपण त्याला पानथरी म्हणतो, डॉक्टर प्लीहा म्हणतात. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. सूप जसे पोचट दाणे बाहेर टाकते, तशी पानथरी जुन्या पेशी रक्तातून काढून टाकते. रक्तात शिरलेल्या रोगजंतूंनाही ती अडवते.

काही आजारांत हे सूप चांगले दाणेही फेकू लागते. जन्मजात गोल पेशींच्या आजारात तांबड्या पेशी नष्ट होऊन पंडुरोग होतो. आय.टी.पी. या आजारात रक्त गोठवणाऱ्या चपट्या पेशी घटतात. अंगावर निळे-तांबडे डाग पडतात, हिरड्यांतून रक्त येते. थॅलेसेमियात पानथरी फार वाढली, तर रक्त वारंवार चढवावे लागते. औषधांनी भागले नाही, तर ती काढण्याचा विचार होतो. 1916 साली प्राग शहरात पॉल काझ्नेलसन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या सूचनेवरून आय.टी.पी.साठी ही शस्त्रक्रिया झाली व गुण आला. आज औषधे पुष्कळ आहेत, म्हणून निर्णय घाईने करीत नाहीत.

शस्त्रक्रियेने पुष्कळांना आराम पडतो, पण राखणदार जातो. 1952 साली अमेरिकेत किंग व शुमाकर यांनी पानथरी काढलेल्या पाच तान्ह्या मुलांना पुढे गंभीर जंतुसंसर्ग झाल्याचे नोंदवले. हा धोका मोठ्यांनाही जन्मभर राहतो. म्हणून हे ध्यानात ठेवावे :

1. शक्य असल्यास मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत थांबतात.

2. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिब या लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी घ्याव्यात. पुढचे डोस डॉक्टरांना विचारावेत.

3. लहान मुलांना रोज पेनिसिलिन देतात. ते मनाने बंद करू नये.

4. कुत्रा चावल्यास जखम साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. मच्छरदाणी वापरावी, कारण अशा माणसाला हिवताप जड जातो.

5. 'पानथरी काढली आहे' अशी चिठ्ठी सदैव खिशात ठेवावी.

भातलावणीच्या दिवसांत कणकण आली की आपण काढा घेऊन झोपतो. पानथरी नसलेल्याने तसे मुळीच करू नये. थंडी वाजून ताप आला, तर काही तासांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी घरी ठेवायला दिलेली गोळी घ्यावी व लगेच निघावे. मच्छेहून बेळगाव जवळ आहे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. शेजाऱ्याने वाहन काढावे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावीच, पण ती वाटेत करावी.