सात मात्रांची चाल कशी बांधावी?

आपण नेहमी ऐकतो त्यांतली पुष्कळशी गाणी केरव्यात म्हणजे आठ मात्रांत, नाही तर दादऱ्यात म्हणजे सहा मात्रांत असतात. या दोन्ही संख्यांना दोनाने भाग जातो, आणि आपल्याला पायही दोनच! म्हणून अशा गाण्याच्या ठेक्यावर चालू लागलो, की आवर्तनाची पहिली मात्रा, म्हणजे सम, दर वेळी त्याच पायावर येते. आता एक ते सात मोजत चालून पाहा. पहिली सम उजव्या पायावर आली असेल, तर पुढची डाव्यावर येईल. २ आणि ७ यांचा लसावि १४. तेव्हा चौदा पावलांनंतरच पहिली स्थिती परत येते. सात मात्रा सुरुवातीला अडखळत्या वाटतात, त्यामागे हेही एक कारण असावे.

अशी चाल बांधायची कशी? आठ मात्रांच्या चालीतली शेवटची मात्रा छाटून टाकणे हा मार्ग सोपा दिसतो, पण ती चाल बहुधा लंगडते. आपला कान सात सुट्या मात्रा मोजत बसत नाही, तो त्यांचे दोनाचे आणि तिनाचे गट पाडतो. म्हणून आधी गट ठरवावेत. साताचे असे गट तीनच प्रकारे पडतात : ३+२+२, २+३+२ आणि २+२+३. आपला रूपक ताल पहिल्या प्रकारचा : ती ती ना । धी ना । धी ना. त्याची गंमत अशी, की समेवरच खाली असते आणि टाळ्या चौथ्या व सहाव्या मात्रेवर पडतात.

आता शब्द घेऊ. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, हे तुम्ही वृत्ते शिकताना पाहिलेच आहे. ‘आज दारी, मोर आला’ ही ओळ घ्या. ‘आज’ च्या तीन मात्रा, ‘दा’ च्या दोन, ‘री’ च्या दोन, एकूण सात. ‘मोर आला’ चेही तसेच. टाळी देत म्हणा, ओळ रूपकात आपोआप बसेल. मराठी गझलेतले व्योमगंगा वृत्त याच सात मात्रांच्या तुकड्याची चार आवर्तने करून बनते.

आता शब्द तेच ठेवून क्रम बदला : ‘दारी आज, आला मोर’. मात्रा साताच, पण गट झाले २+२+३. ठेक्याचा तोल एकदम बदलला ना? बल्गेरियातल्या ‘राचेनित्सा’ या लोकनृत्याचा ठेका नेमका हाच आहे. तो इतका जलद असतो, की नाचणाऱ्याला सात मात्रा नव्हे, तर दोन आखूड आणि एक लांब असे तीनच ठोके जाणवतात.

चाल बांधून झाली, की ध्वनिमुद्रण. ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्लिश वाद्यवृंदाचे ‘मनी’ हे गाणे १९७३ साली प्रसिद्ध झाले. त्याचा बराचसा भाग सात मात्रांत आहे. (मधले गिटारवादन मात्र चार मात्रांत!) सुरुवातीला नाण्यांचा खणखणाट, कागद फाटण्याचा आवाज, दुकानातल्या गल्लायंत्राचा आवाज असे सात आवाज ठेक्यात येतात. हे आवाज टेपवर घेऊन फितीचे सारख्या लांबीचे तुकडे पट्टीने मोजून कापले, जोडले आणि त्यांचे कडे करून ते यंत्रावर फिरवत ठेवले. म्हणजे काळ चक्क पट्टीने मोजला! समजा, फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते आणि एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आहे. तर एका मात्रेला १९ सेंटिमीटर आणि साऱ्या कड्याला १३३ सेंटिमीटर फीत लागेल. एखादा तुकडा १ सेंटिमीटरने लांब राहिला, तर पुढचा आवाज सेकंदाच्या अडतिसाव्या भागाने उशिरा येईल, तोही प्रत्येक फेरीत.

आज हे काम संगणक करतो. त्यात मात्रासंख्या आधीच सात करून घ्यावी. नाही तर तयार ठेका आठाचा आणि चाल साताची असे होते, आणि दोघांची सम एकदम ५६ मात्रांनंतर जुळते.

जाता जाता एक गणित. शेवटचा गट दोनाचा किंवा तिनाचाच असणार. म्हणून दहा मात्रांचे गट पाडण्याचे प्रकार म्हणजे आठांचे प्रकार अधिक सातांचे प्रकार : ४ + ३ = ७. झपतालाचे २+३+२+३ हे त्यांपैकी एक. अकरा मात्रांचे प्रकार नऊ येतात का, ते सगळे लिहून पडताळा, आणि त्यांतला एखादा टाळीवर म्हणून पाहा.