आयटीआय केलं तर पुढचं शिक्षण बंद होतं का?

प्रश्न : माझा मुलगा यंदा दहावीला आहे. ६५-७० टक्क्यांपर्यंत जाईल असं सर म्हणतात. गणित बेताचं, पण विहिरीवरची मोटार असो की फवारणीचा ब्लोअर, खोलून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. शाळेत सांगतात, सायन्सला घाला, सगळे रस्ते मोकळे राहतात. त्याचे मामा म्हणतात, आयटीआय करू द्या, लवकर हाताला काम मिळेल. शेजारी म्हणतात, आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं. कुणी बायफोकल सुचवतं, कुणी डिप्लोमा. यातलं खरं काय धरायचं?
– एक पालक, दिंडोरी तालुका

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. सायन्स घेतलं की खरंच सगळं खुलं राहतं का? आयटीआयनंतर पुढे शिकता येतं की नाही? आणि बायफोकल, डिप्लोमा ही काय भानगड आहे? एकेक धागा सोडवू. सगळ्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट मात्र आधीच सांगतो : पुढचा रस्ता शाखेच्या नावामुळे सहसा अडत नाही, एखादा ठरावीक विषय हातातून सुटल्यामुळे अडतो.

म्हणून सुरुवात अकरावीपासून न करता शेवटाकडून करा. प्रत्येक अभ्यासक्रमाची पात्रता छापलेली असते, ती वाचायची आणि मागे मागे येत विषय ठरवायचे. आपल्या राज्यात अभियांत्रिकी पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. तिसरा विषय रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा मान्य तांत्रिक-व्यावसायिक विषय चालतो. एमबीबीएससाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं, गणित लागत नाही. बीएस्सी नर्सिंगलाही जीवशास्त्र हवं. बी. फार्मसी आणि बीएस्सी कृषीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक असलं तरी भागतं. एनडीएत जायचं तर लष्करासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी भौतिक, रसायन, गणित लागतं. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, सीए, डी.एल.एड. यांना शाखेची अट नाही. स्पर्धा परीक्षांच्या बहुतेक पदांना पदवी कोणत्याही शाखेची चालते.

आता शाळेतल्या सल्ल्याकडे येऊ. बारावी सायन्सनंतर बीए, बीकॉमला जाता येतं. बारावी कला किंवा वाणिज्य करून बीएस्सीला सहसा जाता येत नाही. त्यामुळे "सायन्स घ्या, रस्ते मोकळे राहतात" यात तथ्य आहे, पण अर्धंच. अकरावी सायन्सला प्रवेश घेतल्यावर मुलं गणित किंवा जीवशास्त्र यांतला एक विषय बरेचदा सोडतात, आणि खरा फाटा तिथेच फुटतो. गणित सोडलं की अभियांत्रिकी, हवाई दल, नौदल गेलं. जीवशास्त्र सोडलं की वैद्यकीय आणि नर्सिंग गेलं. आपल्या भागातल्या माणसाला हे चटकन कळेल : एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीत जी घडनिर्मिती होते, तेवढेच घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाहेर पडतात. तेव्हा राहून गेलेलं नंतर खत-पाणी देऊन भरून निघत नाही. अकरावीच्या विषयांचं असंच आहे. निर्णयाचा परिणाम दिसतो दोन वर्षांनी.

याला एक अपवाद नोंदवून ठेवा. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देता येईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे चूक सुधारायला वाव आहे, पण त्यात वर्ष खर्ची पडतं.

सायन्सबद्दल आणखी दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. एक, आपल्याकडे ते शिकवलं जातं प्रामुख्याने इंग्रजीतून. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे पहिले चार-सहा महिने विषयापेक्षा भाषेशी झुंजण्यातच जातात. दुसरी, अकरावी हे विश्रांतीचं वर्ष आहे हा समज चुकीचा आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, साधारण २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. शिवाय अकरावीचं गणित कच्चं राहिलं की बारावीचं उभंच राहत नाही. गणित बेताचं असलेल्या मुलाने केवळ रस्ते मोकळे राहावेत म्हणून सायन्स घेतलं आणि बारावीत जेमतेम उत्तीर्ण झाला, तर कागदावर मोकळा असलेला रस्ता त्याच्या उपयोगाचा राहत नाही.

बायफोकल म्हणजे काय?

ही वेगळी शाखा नव्हे. सायन्सच्या सहा विषयांपैकी दोन विषयांच्या जागी २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय घेतला, की झालं बायफोकल. गुणांचा हिशेब पाहा. साध्या सायन्सला इंग्रजी, दुसरी भाषा, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे प्रत्येकी १०० मिळून ६०० गुण. बायफोकलमध्ये दुसरी भाषा आणि बहुतेक वेळा जीवशास्त्र काढतात आणि त्या जागी इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स असा एखादा विषय घेतात. इलेक्ट्रॉनिक्सचे दोन पेपर असतात, प्रत्येकी ५० गुण लेखी आणि ५० गुण प्रात्यक्षिक. हातात कौशल्य असलेल्या मुलाला त्या प्रात्यक्षिकांचा चांगला आधार होतो. पण हे विषय प्रत्येक कॉलेजात नसतात. तेव्हा दिंडोरी, वणी किंवा नाशिकच्या ज्या कॉलेजचा विचार असेल, तिथे कोणता विषय मंजूर आहे हे आधी विचारून घ्या.

याचबरोबर तुम्हाला एचएसव्हीसी हे नावही ऐकू येईल. १९८८-८९ मध्ये राज्यात एमसीव्हीसी म्हणून जे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले, त्यांचंच हे पुढचं रूप. ही बारावीच असते. मात्र यात सायन्ससारखं पूर्ण भौतिक-गणित नसतं, त्यामुळे इथून अभियांत्रिकी पदवीच्या पहिल्या वर्षाला जाण्याचा विचार करू नये. तांत्रिक गटातून उत्तीर्ण झाल्यास डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

डिप्लोमा आणि आयटीआय : वर्षांचा हिशेब

डिप्लोमा, म्हणजे तंत्रनिकेतनाची पदविका, दहावीनंतर तीन वर्षांची. प्रवेश दहावीच्या गुणांवर, सीईटी नाही. किमान ३५ टक्क्यांची अट असली, तरी नाशिकच्या शासकीय तंत्रनिकेतनात जागा मिळवायला त्याहून बरेच जास्त गुण लागतात. डिप्लोमा झालेल्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आता मोजा. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, मिळून दहावीनंतर सहा वर्षं. डिप्लोमाची तीन आणि पदवीची उरलेली तीन, तीही सहाच. पदवीला पोचायला दोन्हीकडून सारखाच वेळ लागतो. फरक इतकाच, की डिप्लोमावाल्याच्या हाती तिसऱ्याच वर्षी नोकरीला चालणारं प्रमाणपत्र असतं.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं तपासू. दहावी उत्तीर्ण होऊन योग्य ट्रेडचं दोन वर्षांचं आयटीआय केलेला मुलगा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करू शकतो. आयटीआयची दोन, डिप्लोमाची उरलेली दोन आणि पदवीची तीन, मिळून सात वर्षं. सायन्सच्या वाटेपेक्षा फक्त एक वर्ष जास्त. तेव्हा "आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं" हे खरं नाही. शिवाय राज्य मंडळात आयटीआयच्या विषयांचे क्रेडिट हस्तांतरित करून घेण्याची सोय आहे. त्यामुळे पुढे बारावीचं प्रमाणपत्र लागलं, तर सगळे विषय पुन्हा देण्याची वेळ येत नाही.

इथे एक फरक न कळल्यामुळे मुलं फसतात. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे. पुढे डिप्लोमा करायचा विचार असेल, तर दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा. एक वर्षाचा ट्रेड वाईट नाही, लवकर कामाला लागायचं असलेल्यासाठी तो चांगलाच आहे. पण तो घेऊन थेट दुसऱ्या वर्षाची अपेक्षा ठेवली, तर निराशा होते.

आणखी एक इशारा मनापासून देतो. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलाचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं, तिथेच मुलं अडखळतात. आयटीआयच्या दोन वर्षांत रोज अर्धा तास गणिताला दिला, तर हा अडथळा पार होतो. नाही दिला, तर पात्रता असूनही टिकाव लागत नाही. म्हणजे गणित टाळण्यासाठी आयटीआय, हा विचारच काढून टाका. गणित इथेही सोबत येणारच आहे, फक्त ते थोड्या सवडीने येतं.

मामांचं म्हणणं कितपत खरं?

बरंचसं खरं. दिंडोरी तालुका आता नुसता बागांचा राहिलेला नाही. तळेगाव-अक्राळेला औद्योगिक वसाहत आहे, मोहाडीला सह्याद्री फार्म्सचा प्रक्रिया प्रकल्प आहे, शेजारी ओझरला १९६४ पासून एचएएलचा विमान कारखाना आहे आणि तिथे आयटीआय झालेल्यांना शिकाऊ उमेदवारीच्या संधी असतात. ही उमेदवारी १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली चालते आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं.

तुमचा भाग द्राक्षांचा आहे म्हणून एक जवळचं उदाहरण देतो. निर्यातीचा माल तोडल्यावर काही तासांत प्री-कूलिंगला जातो आणि मग शून्य अंशाच्या आसपास साठवला जातो. हंगामात रात्री दोन वाजता कंप्रेसर बंद पडला, तर ज्याला तो दुरुस्त करता येतो त्या माणसावर कंटेनरभर माल अवलंबून असतो. रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. मोटार खोलणाऱ्या मुलाने हा पर्याय नक्की डोळ्यांखालून घालावा.

दुसरीकडे काय चालतं?

ही शाखांची कुंपणं सगळीकडे नाहीत. स्कॉटलंडमध्ये पंधरा-सोळाव्या वर्षी मूल शाखा न निवडता विषय निवडतं. पाचव्या माध्यमिक वर्षाला 'हायर' पातळीचे साधारण चार-पाच विषय घेतात, त्यात भौतिकशास्त्राशेजारी इतिहास किंवा संगीतही असू शकतं. त्याच वेळापत्रकात 'फाउंडेशन अप्रेंटिसशिप' करता येते, म्हणजे काही तास कॉलेजात आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, आणि तिची पातळी हायरच्या बरोबरीची धरतात. तरीही डॉक्टर व्हायचं असेल तर रसायनशास्त्राचं हायर तिथेही लागतंच. मोकळीक कितीही असली तरी पात्रतेची यादी वाचण्यातून कुणाची सुटका नाही.

आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कला-विज्ञान आणि पुस्तकी-व्यावसायिक यांच्यात घट्ट भिंत नको, असं म्हटलं आहे. पण आज आपल्या मुलाला जो अर्ज भरायचा आहे, त्यावर शाखा छापलेल्याच आहेत. म्हणून निर्णय आजच्या नियमांनी घ्यावा.

आता तुम्ही काय करावं?

तिन्ही अर्ज भरा. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, आयटीआय आणि डिप्लोमा यांचे अर्ज वेगळे असतात. एक भरला म्हणून दुसरा अडत नाही, फक्त शेवटी प्रवेश एकीकडेच कायम करायचा. अकरावीच्या अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जिथे खरोखर जायचं आहे, कारण पहिल्या पसंतीची जागा मिळूनही ती घेतली नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. राखीव प्रवर्गात असाल, तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम अकरावीतच हाती घ्या. ते ऐनवेळी मिळत नाही आणि त्यावाचून व्यावसायिक अभ्यासक्रमातली राखीव जागा हातची जाते.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून माझं मत सांगतो. हाताने काम करण्याची ओढ आणि बेताचं गणित असलेल्या मुलासाठी पहिला विचार डिप्लोमाचा करावा, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल. सोयीच्या ठिकाणी जागा मिळाली नाही, तर दोन वर्षांच्या ट्रेडचं आयटीआय. सायन्स तेव्हाच घ्यावं, जेव्हा तो स्वतः म्हणेल की मला गणित शिकायचं आहे.

अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस काढा. त्याला आयटीआयच्या कार्यशाळेत लेथ चालू असताना घेऊन जा, तंत्रनिकेतनाची प्रयोगशाळा दाखवा, आणि अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला एखादा धडा त्याला स्वतःला वाचू द्या. मग शाळा, मामा आणि शेजारी यांच्याआधी त्याला विचारा. सात वर्षं झाली तरी ती त्यालाच काढायची आहेत.