पाटी न वाचता येणाऱ्या देशात
(इयत्ता ६ वी व ७ वी : भूगोल)

परदेशाचा भूगोल शिकविताना राजधानी, क्षेत्रफळ, पिके व खनिजे यांची यादी फळ्यावर उतरवून देण्याची रीत आपणांकडे रूढ आहे. यादी पाठ होते. देश मात्र डोळ्यांपुढे उभा राहत नाही. तोच पाठ त्या देशातील साध्या बसमधून नेऊन पाहावा. नमुन्यादाखल येथे श्रीलंकेतील कोलंबो ते नुवर एलिया हा मार्ग घेतला आहे.

आरंभ नकाशाने न करता बसच्या पाटीने करावा. कोलंबोच्या पेटा भागात (हा शब्द आपल्या ‘पेठे’चाच सोयरा होय) लाल गाड्या उभ्या असतात. पाटीवर गावाचे नाव तीन लिप्यांत असते : वाटोळ्या वळणाची सिंहली, तमिळ आणि इंग्रजी. फळ्यावर अशी पाटी काढून इंग्रजी ओळ झाकावी व विचारावे, ‘आता कोणत्या गाडीत बसाल?’ थोड्या वेळाने एखादा विद्यार्थी म्हणेल, ‘आकडा पाहू.’ उत्तर योग्य आहे. कँडीच्या गाडीचा क्रमांक १ आहे. पहिलीत नव्याने आलेल्या मुलास आपला फळा असाच दिसत असतो, हेही शिक्षकांनी जाता जाता ध्यानी घ्यावे.

तीन ओळी का, हे मुले विचारतीलच. ते टाळू नये. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकटीच राजभाषा ठरली. तमिळ लोकांस ते जाचले. १९८७ च्या घटनादुरुस्तीने तमिळलाही राजभाषेचे स्थान मिळाले. परंतु १९८३ मध्ये पेटलेले यादवी युद्ध २००९ पर्यंत शमले नाही.

गाडी सुटल्यावर वाहक तिकिटे फाडीत येतो. चालकामागील पहिले आसन भिक्षूंसाठी राखीव असते. वाहकाचे आकडे कान देऊन ऐकावेत : एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नमय, दहय. आपल्या ‘सात’चा तेथे ‘हत’ होतो. समुद्रापलीकडील ही भाषा मराठीच्याच कुळातील आहे, हे मुलांस सांगण्यापूर्वी त्यांनाच शोधू द्यावे. वाटेत काजुगम नावाचे गाव लागते. तेथे बायका रस्त्याकडेला काय विकत बसल्या असतील, हे कोकणातील मूल तत्काळ सांगेल. ‘गम’ म्हणजे गाव.

कँडी कोलंबोहून सुमारे ११५ किलोमीटर आहे. प्रथम नारळ व भाताची खाचरे, मग करवंट्या बांधलेली रबराची झाडे. कडुगन्नाव घाटात इंग्रजांनी रस्त्यासाठी आरपार फोडलेला खडक दिसतो. कँडीस गाडी बदलावी लागते. कँडीची उंची सुमारे ५०० मीटर, तर नुवर एलियाची सुमारे १,८७० मीटर. गंपोळच्या पुढे डोंगरउतारांवर चहाच चहा. हवा थंड होते, प्रवासी खिडक्या लावून घेतात. उंची, हवामान व पीक यांचा संबंध याहून सोप्या रीतीने समजाविता येईलसे वाटत नाही.

या चढावर चहा खुडणाऱ्या स्त्रिया गाडीत चढतात आणि तमिळ बोलणे ऐकू येऊ लागते. १८६९ नंतर रोगाने कॉफीचे मळे बुडाले, चहाचे वाढले. या मळ्यांसाठी दक्षिण भारतातून आणलेल्या मजुरांचे हे वंशज. १९४८ च्या कायद्यामुळे त्यांतील बहुतेक कोणत्याच देशाचे नागरिक राहिले नाहीत. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानुसार अनेकांस भारतात परत पाठविण्यात आले. जे तेथेच नागरिकत्वाविना उरले, त्यांना ते २००३ च्या कायद्याने मिळाले. पाठ्यपुस्तकात ‘चहा : प्रमुख निर्यात’ एवढीच ओळ असते. तेथे दोन मिनिटे अधिक थांबावे.

गृहपाठ : सिंहली भाषिक पाहुणा आपल्या तालुक्याच्या स्थानकावर उतरला आहे व त्यास आपल्या गावी यावयाचे आहे. गाडी कोणती, पाटीवरील पहिले अक्षर कसे दिसते, खिडकीतून काय काय दिसेल, कोणत्या खुणेवर उतरावे, हे मुलांनी त्यास पत्राने कळवावे. अक्षराचे चित्र काढून दाखवावे. नाव लिहून भागणार नाही.