खेळ तुटतो कोठे? : ऑनलाइन खेळातील जोडणीच्या दोषांचा तर्कशुद्ध शोध

संगणकावरील खेळांचा विषय कला शाखेच्या वार्षिकांकात कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु प्रस्तुत लेखाचा खरा विषय खेळ हा नसून कारणाचा शोध हा आहे; आणि तो आपल्या तर्कशास्त्राच्या अभ्यासात चांगलाच बसतो.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. गेल्या वर्षी गंगापूर रोडवरील एका इमारतीत आम्ही चार विद्यार्थी भाड्याने राहत होतो. इंटरनेटची जोडणी एकच, चौघांच्या वर्गणीची. आम्हां दोघांना रात्री ‘स्टीम’वरून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळण्याचा नाद. नऊ वाजले की खेळ अडखळे आणि मध्येच संपर्क तुटे. नेमका त्याच वेळी आमचा सुरगाण्याकडील मित्र आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत असे. दोष त्याचाच, असे आम्ही ठरवून टाकले आणि त्याला नाही नाही ते बोललो. तो निमूटपणे खाली रस्त्यावर उभा राहून स्वतःच्या मोबाइल डेटावर बोलू लागला. खेळ मात्र तुटतच राहिला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, त्यातला हा प्रकार. यालाच आपण काकतालीय न्याय म्हणतो. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात व्यतिरेक पद्धती सांगितली आहे : बाकी सर्व परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. आम्हांला तिची आठवण उशिरा झाली.

ही पद्धती वापरण्यापूर्वी वाट समजली पाहिजे. तिचे चार टप्पे मानता येतील : संगणक ते घरातील राउटर, राउटर ते इंटरनेट पुरविणारी कंपनी, कंपनी ते खेळाचा सर्व्हर, आणि शेवटी प्रत्यक्ष सेवा. दोष यांपैकी कोठेही असू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या, तेव्हा भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावले होते. तेथे घरचा राउटर बदलून काय उपयोग?

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. ‘यूट्यूब चालते, मग खेळ का चालत नाही?’ असे पुष्कळ जण विचारतात. चित्रफीत पुढचा भाग आधीच साठवून ठेवते. त्यामुळे मधले अडथळे आपणांस जाणवत नाहीत. खेळाला असा साठा करता येत नाही. त्याला रुंद रस्ता नको, वेळेवर पोहोचणारी गाडी हवी. कसाऱ्याचा घाट रुंद केला म्हणून नाशिक ते मुंबई हे अंतर कमी होत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईचा सर्व्हर असेल तर एका वेळच्या प्रवासास एक मिलिसेकंदही पुरेसा. सिंगापूरचा असेल तर नुसत्या जाण्यायेण्यासच चाळीसच्या आसपास लागतात. म्हणून खेळात जवळचा सर्व्हर निवडावा. महागडी योजना घेऊन हे अंतर मिटत नाही.

आता प्रत्यक्ष शोध. त्यासाठी ‘पिंग’ हे साधन संगणकातच असते. माइक मूस यांनी ते १९८३ साली लिहिले. पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव मिळाले. हाक द्यायची आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये प्रथम राउटरच्या पत्त्याला पिंग करावे, मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला. राउटरकडूनच उत्तरे हरवत असतील तर दोष घरात आहे. राउटर ठीक, पण पुढचे उत्तर येत नाही, तर दोष बहुधा बाहेरचा. राउटरवरील ‘लॉस’चा तांबडा दिवा लागला असेल तर तंतूतून प्रकाशच येत नाही, तेव्हा कंपनीला कळवावे. आकडी पत्ता मिळतो पण संकेतस्थळाचे नाव उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसकडे पाहावे. सर्व ठीक असूनही फक्त खेळच अडत असेल, तर फायरवॉल, व्हीपीएन आणि संगणकाचे घड्याळ तपासावे. स्टीमची नित्याची देखभाल अमेरिकेतील मंगळवारी होते. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. त्या वेळी थोडे थांबणे हाच उपाय.

आम्ही रात्री नऊ वाजता राउटरलाच पन्नास हाका दिल्या. सहा उत्तरे आलीच नाहीत आणि काही फार उशिरा आली. बाकी काही न बदलता फक्त वाय-फायऐवजी केबल जोडली. पन्नासही उत्तरे एका मिलिसेकंदात परत! दोष मित्राच्या कॉलचा नव्हता. आमचा संगणक राउटरपासून दोन भिंती पलीकडे होता. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. रात्री इमारतीतील सर्व बिऱ्हाडे घरी परतली की त्याच वाहिन्यांवर गर्दी उसळे. एका केबलने प्रश्न सुटला. केबल शक्य नसेल त्यांनी संगणक राउटरजवळ आणून ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा.

केबल टाकली त्या रात्री आम्ही खाली जाऊन मित्राची क्षमा मागितली. “आईला काही सांगितलं नव्हतं रे, रस्त्यावर गोंगाट का, एवढंच ती विचारायची,” तो म्हणाला. यावर आम्हांला काही बोलता आले नाही. पन्नास हाका मोजायला एक मिनिटही लागत नाही. ते मिनिट आम्ही आधी खर्च केले असते, तर त्याला रस्त्यावर उभे राहावे लागले नसते.