गुळवेल: कोणी घ्यावी, किती घ्यावी, केव्हा थांबवावी

गुळवेल ही मोठ्या झाडांवर चढत जाणारी, वर्षानुवर्षे टिकणारी वेल आहे. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. संस्कृत ग्रंथांत ती गुडूची किंवा अमृता या नावांनी येते आणि हिंदीत तिला गिलोय म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यात ती मुद्दाम लावावी लागत नाही. गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे या पट्ट्यात जांभ्या दगडाच्या गडग्यांवर, काजूवर, आंब्याच्या जुन्या कलमांवर ती आपोआप चढते. पाने हृदयाच्या आकाराची व गुळगुळीत असतात. खोडावरची पातळ साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवा गर दिसतो. खोड आडवे कापले तर आत गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. उंच फांदीवरून जमिनीकडे लोंबणारी दोऱ्यासारखी मुळे ही तिची आणखी एक खूण. औषधासाठी मुख्यतः खोड वापरतात. चव कडू असते.

चरकसंहितेत मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणाऱ्या, रसायनांमध्ये गुडूचीचा रस सांगितला आहे. जुना ताप, वातरक्त, प्रमेह आणि कावीळ यांवर वैद्य तिचा उपयोग करत आले आहेत. भारत सरकारच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात खोडाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम दिली आहे आणि काढ्यासाठी 20 ते 30 ग्रॅम खोड. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण घरोघरी काढा करताना कोणी वजन करत नाही. हातभर तुकडा ठेचून पातेल्यात टाकायचा, पाणी निम्मे होईपर्यंत उकळायचे आणि पेलाभर प्यायचे, हीच सर्वत्र रीत आहे. ओले खोड आणि वाळलेले खोड यांत पाण्याचा फरक किती मोठा असतो, याचाही विचार होत नाही.

2020 मध्ये करोनाच्या साथीत ही वेल घराघरांत पोचली. 6 ऑक्टोबर 2020 रोजी केंद्र सरकारने करोनासाठी आयुर्वेद व योगावर आधारित उपचारसूत्र प्रसिद्ध केले. त्यात गुडूची घनवटी 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस ते महिनाभर अशी मात्रा होती. लोकांपर्यंत ‘गुळवेल चांगली’ एवढेच पोचले. मात्रा आणि मुदत वाटेतच गळाली.

प्रस्तुत लेखकाच्या घरातला अनुभव त्याच काळातला आहे. राज्यातली देवळे बंद होती, ती 16 नोव्हेंबर 2020 ला उघडली. तोपर्यंत गणपतीपुळ्यातली लॉज, खानावळी आणि देवळाच्या वाटेवरची आमसुले-आंबापोळीची दुकानेही थंडच होती. घरात कोणी आजारी पडू नये म्हणून काकूंनी परसातल्या वेलीचा काढा सुरू केला. त्यांना बऱ्याच वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू होती, पण त्या विकाराचा काढ्याशी काही संबंध असेल असे घरात कोणाच्या मनातही आले नाही. काही आठवड्यांनी त्यांची अन्नावरची वासना उडाली, अंगातली ताकद गेली, लघवी गडद होऊ लागली. डोळे पिवळे दिसल्यावर शेजारपाजाऱ्यांनी कावीळ ओळखली आणि कावीळ म्हटल्यावर गुळवेलीचा काढा दुप्पट झाला, कारण कोकणात काविळीवर गुळवेल देण्याची पद्धतच आहे. पुढे रत्नागिरीत रक्त तपासले तेव्हा बिलिरुबिन आणि यकृताची एन्झाइम्स फार वाढलेली निघाली. विषाणूजन्य काविळीच्या तपासण्या निर्दोष आल्या. त्यानंतर डॉक्टरांनी विचारले, “काकू, एखादा काढा, चूर्ण काही घेता का?” तो प्रश्न येईपर्यंत काढ्याविषयी कोणी बोललेच नव्हते, कारण घरच्या वेलीला कोणी औषध मानत नव्हते. काढा थांबला, औषधे सुरू झाली आणि रक्ताचे अहवाल पूर्वपदावर यायला काही महिने गेले.

हा एकाच घराचा अनुभव असता तर योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईत यकृतविकारतज्ज्ञ डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सहा रुग्ण नोंदवले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती आणि सहाही जणांच्या यकृताला इजा झाली होती. ही नोंद 2021 मध्ये यकृतविज्ञानाच्या नियतकालिकात आली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेली नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला जवळची पण घातक वेल असू शकते, आणि गुळवेल सुरक्षित आहे. पुढे देशातल्या 13 केंद्रांमधल्या 43 रुग्णांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ 46 दिवस होता आणि अनेकांच्या यकृताच्या तपासलेल्या तुकड्यात स्वयंप्रतिरोधी (ऑटोइम्यून) प्रकारचा दाह आढळला.

दोन्ही बाजू नीट वाचल्या पाहिजेत. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि बहुतेकांना काहीही झाले नाही, हे खरे आहे. चुकीची वेल तोडली जाते, हेही खरे आहे. तरीही ‘खरी गुळवेल कोणालाच बाधत नाही’ असे म्हणायला आता जागा उरलेली नाही.

इजा होण्यामागचे कारण वेलीच्या गुणातच असावे. गुळवेलीतली काही द्रव्ये रोगप्रतिकारक पेशींना चेतवतात, म्हणून तर ती प्रतिकारशक्तीसाठी घेतली जाते. ज्याच्या शरीरात ही शक्ती आधीच स्वतःच्याच अवयवांवर उलटलेली आहे किंवा उलटण्याच्या बेतात आहे, त्याच्या बाबतीत हे चेतवणे यकृतावर बेतू शकते. हाशिमोटो प्रकारचा थायरॉईडचा विकार, आमवात, ल्युपस, सोरायसिस आणि स्वयंप्रतिरोधी यकृतदाह असलेल्यांनी गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये. ज्यांना जुना यकृतविकार आहे, जे मद्यपान करतात, ज्यांचे मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपित आहे, त्यांनी तर तिच्यापासून दूरच राहावे. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात आणि गुळवेल नेमके उलटे काम करते. गुळवेल रक्तातली साखरही खाली आणू शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला काढ्यानंतर घाम, थरथर, चक्कर आली तर साखर तपासावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ती टाळावी.

वेल ओळखून घेणे हा पुढचा भाग. क्रिस्पा वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि ती तोडल्यावर दुधासारखा चीक येतो, गुळवेलीला असा चीक येत नाही. पानांवर लव असलेली एक तिसरी बहीणही सह्याद्रीच्या जंगलात आढळते. शंका असेल तर पाना-खोडासकट फांदी जाणत्या वैद्याला दाखवावी. कडुनिंबावरची गुळवेल उत्तम मानतात, पण कोकणात कडुनिंब कमी आणि हापूसची कलमे जास्त. मोहोर येण्यापासून फळ तयार होईपर्यंत या कलमांवर कीटकनाशकांच्या फवारण्या होतात, शिवाय मोहोरासाठी बुंध्याशी कल्टार हे रसायन घालतात. अशा कलमावरची वेल औषधाला वापरू नये, मग ती कितीही जाड आणि जुनी असो. काजऱ्याच्या झाडावरची वेलही नको. काजरा विषारी आहे आणि तोडताना त्याची डहाळी मिसळली तर दोष गुळवेलीचा राहत नाही.

कोकणात याहून मोठा धोका तापातल्या काढ्याचा आहे. भातलावणीनंतर आणि पावसाच्या अखेरीस इथे लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण दिसतात. उंदीर, गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून हा रोग येतो. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल डोळे आणि काही रुग्णांत कावीळ अशी त्याची चाल असते. तो वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या प्रतिजैविकाने आटोक्यात येतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि फुफ्फुसे निकामी होऊ शकतात. शेतातून आलेल्या माणसाचा ताप ‘काढ्याने उतरेल’ म्हणून घरी काढलेले तीन-चार दिवस जिवावर बेतू शकतात. पावसाळ्यात ताप आला की मालगुंडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घेणे हे पहिले काम, काढा नंतर.

गुळवेल घ्यायचीच असेल तर नोंदणीकृत वैद्याकडून मात्रा आणि मुदत ठरवून घ्यावी. मुदत संपली की ती थांबवावी. विकतच्या चूर्णावर वा वटीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि वापराची मुदत छापलेली असावी. सुट्या पुडीतले चूर्ण कशाचे आहे हे डोळ्यांनी कळत नाही. एकाच वेळी गुळवेल, अश्वगंधा आणि तयार ‘इम्युनिटी’ काढा घेऊ नये, कारण त्रास झाला तर कशाने झाला हे शोधणे अवघड होते. थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब यांच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी सांगताना काढाही सांगावा. डॉक्टर विचारत नसतील तरी सांगावा.

भूक मरणे, मळमळ, विनाकारण थकवा, अंगाला खाज, चहासारखी लघवी, डोळे पिवळे होणे यांपैकी काहीही दिसले तर गुळवेल त्याच दिवशी बंद करावी आणि बिलिरुबिन, एसजीपीटी, एसजीओटी या तपासण्या कराव्यात. काविळीवर गावठी औषध घेऊ नये. वेलीचा तुकडा किंवा चूर्णाची डबी फेकून न देता डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवावी. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णाला स्वतःही करता येते: भारतीय फार्माकोपिया आयोगाचा निःशुल्क क्रमांक 1800-180-3024 आहे.