सोळाशे मीटर आणि सिगारेट

पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा पहाटे पाचला ग्राऊंडवर जातो, याचं आई-बाबांना कौतुक वाटणारच. पण सोळाशे मीटरच्या तिसऱ्या फेरीतच त्याला धाप लागते, वेळ काही केल्या सुधारत नाही, आणि एक दिवस त्याच्या शर्टाला सिगारेटचा वास येतो. हात उगारण्याआधी जरा थांबा.

अशा वेळी घरात पहिला शब्द निघतो तो कॅन्सरचा. एकोणीस वर्षांच्या पोराला तो फार लांबचा वाटतो. त्याला चिंता असते परवाच्या धावण्याची. म्हणून धावण्याबद्दलच बोला. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. छाती भरून हवा घेतली तरी मांड्यांपर्यंत प्राणवायू पुरेसा पोचत नाही. त्यात निकोटिनमुळे नाडी बसल्या जागीच वाढलेली. शिवाय फुप्फुसं विशीच्या सुरुवातीपर्यंत वाढत असतात, आणि सिगारेट ती वाढच खुंटवते.

यावर मुलं म्हणतात, 'मी रोज प्राणायाम करतो ना!' पालकही तेवढ्यावर निश्चिंत होतात. तसं होऊ नका. अनुलोम-विलोमाने फुप्फुसातलं डांबर धुऊन निघत नाही.

श्वासाचा सराव कामाला येतो तो तलफ आल्यावर. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात, पोट फुगेल असा नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. मग ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा, घेताना लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. असं आठ-दहा वेळा. टपरीवर झुरका मारतानाही तो दीर्घ श्वासच घेत असतो, फक्त धुरासकट. हा श्वासाचा सराव त्याच्याशेजारी बसून तुम्हीही करा. नुसतं सांगून तो करणार नाही.

सिगारेट सोडल्यावर एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. खोकला मात्र सुरुवातीला वाढू शकतो, त्याने घाबरून जाऊ नका. चिडचिडही होईल, तेवढे दिवस त्याला सांभाळून घ्या. मदत लागली तर तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे : 1800-11-2356, फोन मोफत.

आणि बाबा, तुम्ही स्वतः ओढत असाल, तर दोघांनी एकाच दिवशी सोडा.